वापरलेलं टेलिस्कोप माउंट: घेताना काय तपासायचं, विकताना काय सांगायचं?

टेलिस्कोप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती इंची? आरसा बरा की भिंग बरं, शनीची कडी दिसतील का, किती पट मोठं दिसेल, सगळी चर्चा नळीभोवती फिरत राहते. ही नळी ज्यावर बसते त्या माउंटकडे लक्ष जातं ते पहिल्या रात्री. गुरू सापडतो, सगळ्या घराला हाका मारून होतात, आणि दुसरा माणूस डोळा लावेपर्यंत गुरू चौकटीबाहेर गेलेला असतो.

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना तर अनुभवी मंडळी एकच सल्ला देतात: पैसे कमी असतील तर नळी लहान घ्या, पण माउंट चांगलं घ्या. चांगलं माउंट मात्र महाग पडतं. मोटर असलेली बहुतेक माउंट भारतात आयात होतात. सीमाशुल्काच्या यादीतल्या ९००५ या शीर्षकात दुर्बिणींबरोबर त्यांच्या माउंटचाही स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे ‘हा नुसता स्टँड आहे’ म्हणून सुटका नाही. शुल्क, कर आणि एवढ्या लोखंडाचं विमानभाडं धरून जी रक्कम होते, ती बघून अनेकजण वापरलेल्या माउंटकडे वळतात.

अडचण इथूनच सुरू होते. वापरलेल्या नळीतला दोष बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो. भिंगावर बुरशी असेल, आरशाचा मुलामा उडाला असेल, तर टॉर्च मारला की कळतं. माउंटचा दोष तसा दिसत नाही. बाहेरून कोरं करकरीत दिसणारं माउंट आतून खराब असू शकतं आणि ओरखडे पडलेलं माउंट रात्रभर तारा धरून ठेवू शकतं. खरी परीक्षा होते ती वजन ठेवून, काळोखात, तास-दीड तास चालवल्यावर. त्यामुळे जाहिरातीतल्या ‘कंडिशन एकदम मस्त’ या शब्दांना इथे फारशी किंमत नाही. विकणाऱ्याने ते चालवून दाखवलं का, याला आहे.

माउंट नेमकं करतं काय?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे सरकताना दिसतात. ताऱ्यांच्या हिशोबाने एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण होते. म्हणजे तारा दर सेकंदाला साधारण १५ विकला सरकतो. एका अंशात ३,६०० विकला असतात. ऐकायला हे अगदीच क्षुल्लक वाटतं. पण १०० पट मोठं दाखवणाऱ्या आयपीसमधून आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो, आणि तेवढं अंतर तारा दोन मिनिटांत पार करतो. गुरू पळाला तो यामुळे.

यावर तोडगा म्हणजे इक्वेटोरियल माउंट. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा, म्हणजे जवळपास ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, आणि तेवढाच एक अक्ष ताऱ्यांच्या गतीने फिरवत राहायचा. एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला वजनं, अशा ज्या रचनेला आज ‘जर्मन इक्वेटोरियल’ म्हणतात, ती जोसेफ फ्राउनहोफरने डॉर्पट वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी वापरली. ती दुर्बीण १८२४ मध्ये तिथे पोचली. तेव्हा घड्याळाची यंत्रणा होती, आता मोटर आहे. मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

मोटर आणि अक्ष यांच्यामध्ये असतो वर्म गिअर. एक आटे पाडलेला दांडा आणि त्याला टेकलेलं दातेरी चाक. वापरलेल्या माउंटची सगळी कुंडली या दोन वस्तूंच्या भेटीत लिहिलेली असते. दांडा घडवताना राहिलेला किंचितसा वाकडेपणा दर फेरीला तीच चूक पुन्हा करतो. तारा थोडा पुढे, थोडा मागे असा डुलतो. याला पिरिऑडिक एरर म्हणतात आणि अशा प्रत्येक माउंटमध्ये तो थोडाफार असतोच. स्काय-वॉचरच्या ईक्यू-६ प्रकारात चाकाला १८० दाते आहेत, म्हणून ही फेरी साधारण आठ मिनिटांची. ईक्यू-५ मध्ये १४४ दाते, म्हणजे साधारण दहा मिनिटं. त्यामुळे ‘दोन मिनिटं चालवून बघितलं, मस्त चालतंय’ या चाचणीत फेरीचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्साच तपासला जातो.

एकच माउंट कुणाला उत्तम, कुणाला निरुपयोगी

समजा, एका माउंटमध्ये तारा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १५-१५ विकला डुलतो. एकूण ३० विकला. डोळ्याने ग्रह-तारे बघणाऱ्याला याचा पत्ताही लागणार नाही. साध्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स लावून आकाशगंगेचा पट्टा टिपणाऱ्यालाही फरक पडत नाही. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा धरला तर त्याच्या फोटोत तारा दोन पिक्सेल हलेल. तोच कॅमेरा ६०० मिलिमीटर फोकल लांबीच्या दुर्बिणीला लावला की एक पिक्सेल साधारण १.३ विकलांचा होतो आणि तारा २३ पिक्सेल लांबीची रेघ ओढतो. फोटो बाद.

हा हिशोब स्वतः करता येतो. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, फोकल लांबीच्या मिलिमीटरने भागा. आलेलं उत्तर म्हणजे एका पिक्सेलमध्ये किती विकला. माउंट बघायला जायच्या आधीच हे गणित कागदावर हवं, कारण ‘माउंट चांगलं आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगलं, हे घेणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

वजनाचंही तसंच. माहितीपत्रकात लिहिलेली क्षमता म्हणजे ते माउंट किती ओझं उचलून फिरवू शकतं एवढंच. फोटोसाठी त्याच्या निम्मं ते दोन-तृतीयांश ओझं धरावं, असा हौशी मंडळींचा संकेत आहे. त्यातही आखूड, जाड नळी आणि मीटरभर लांब नळी यांचं वजन सारखं असलं तरी माउंटला होणारा त्रास सारखा नसतो. आठ इंची, मीटरभर लांबीचा न्यूटोनियन वाऱ्यात शिडासारखा वागतो. एचईक्यू-५ वर तो बसतो, फोटोही निघतात, पण वारा सुटला की मालकाच्या तोंडून जे शब्द निघतात ते इथे छापता येणार नाहीत.

नावं वेगळी, माउंट एकच

वापरलेल्या बाजारात नावांचा मोठा गोंधळ आहे आणि तो माहीत असणाऱ्याचा फायदा होतो. सिंटा ही तैवानची कंपनी. स्काय-वॉचर हा तिचाच ब्रँड, आणि सेलेस्ट्रॉन तिने २००५ मध्ये विकत घेतली. अमेरिकेत ओरायन या नावाने विकली गेलेली बरीच माउंटही तिथलीच. ओरायनचं ‘अॅटलस’ म्हणजे ईक्यू-६ चं भावंड, ‘सिरियस’ म्हणजे एचईक्यू-५ चं. सेलेस्ट्रॉनचं जुनं सीजी-४ हे ईक्यू-३ च्या घराण्यातलं आणि सीजी-५ हे ईक्यू-५ च्या. या ईक्यू-५ चा साचा तरी मूळ कुणाचा? जपानच्या व्हिक्सन कंपनीच्या ग्रेट पोलारिस माउंटवरून तो उचललेला आहे.

हे माहीत असण्याचं कारण निव्वळ हौस नाही. २०२४ मध्ये मीड आणि ओरायन या दोन्ही अमेरिकी कंपन्यांचं कामकाज बंद पडलं. अशा कंपनीचं माउंट स्वस्तात मिळत असेल तर आधी हे बघायचं की त्याचे सुटे भाग दुसऱ्या नावाने मिळतात का. अॅटलस आणि सिरियसच्या बाबतीत बऱ्याच अंशी मिळतात. पण ज्या माउंटचा मदरबोर्ड फक्त त्याच कंपनीकडे मिळायचा, त्याचा बोर्ड जळला की उरतो तो चांगल्या दर्जाचा लोखंडी ठोकळा.

प्रत्यक्ष बघायला गेल्यावर

सुरुवात वीज न लावता करा. दोन्ही अक्षांचे क्लच सैल करून हाताने सावकाश पूर्ण फेरी फिरवा. थोडा जडपणा चालतो. कारखान्यातलं ग्रीस मुळात घट्ट असतं आणि आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत पडून ते आणखी चिकट होतं. पण फिरवताना वाळू चावल्यासारखं जाणवलं किंवा एकाच जागी अडकलं, तर बेअरिंग बघावं लागणार असं समजा.

मग क्लच घट्ट करा आणि नळी जिथे बसते तो भाग धरून हलकेच मागेपुढे ढकला. टक-टक असा खेळ जाणवला तर वर्म आणि चाक यांच्यात फट आहे. इथे लगेच हात झटकून निघून यायची गरज नाही. ही फट छोट्या स्क्रूंनी कमी करता येते, आणि हा किंमत कमी करून घेण्याचा मुद्दा आहे, नाकारण्याचा नव्हे. उलट काही मालक शून्य फट ठेवायच्या नादात वर्म इतका आवळतात की मोटर मध्येच अडकते. दाते खरवडले गेले असतील तर मात्र ते माउंट सोडून द्या. ते चाक बदलण्याचा खर्च आणि खटाटोप, दोन्ही बऱ्याचदा माउंटच्या किमतीला भारी पडतात.

आता वीज. इथे दोन्ही बाजूंची फसगत होते. या माउंटना १२ व्होल्ट लागतात आणि वेगाने फिरताना त्या बऱ्यापैकी करंट ओढतात. ईक्यू६-आर ला चार अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे. सीसीटीव्हीच्या एक अँपिअरच्या अॅडॉप्टरवर किंवा दमलेल्या बॅटरीवर ते मध्येच रीसेट होतं, कुरकुरतं, आणि ‘माउंटच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर लावला किंवा अधिक-उणे उलटं जोडलं तर निष्कर्ष खराही ठरतो, कारण बोर्ड जळतो. म्हणून आपला खात्रीचा अॅडॉप्टर सोबत न्यावा. चालू असताना वायर हलकेच हलवून बघावी. सॉकेट सैल असेल तर दिवा मिचकावतो. रात्री दोन वाजता तोच मिचकावणारा दिवा सगळ्या फोटोंचं वाटोळं करतो.

मोटर वेगात फिरवल्यावर आवाज येतो, घाबरू नका. गिअरवाली जुनी माउंट स्वयंपाकघरातल्या मिक्सरला लाजवतात. आवाज किती मोठा याला महत्त्व नाही, तो एकसारखा आहे का याला आहे. ठरावीक जागी सूर बदलत असेल, खरखर येत असेल, तर तिथे काहीतरी घासतंय.

काही एचईक्यू-५ च्या आत मालकाने गिअर काढून बेल्ट बसवलेला असतो. अशा माउंटचा आवाज कमी येतो आणि फटही कमी होते. चांगल्या हाताने केलेलं असेल तर हा गुणच आहे, फक्त काढलेले मूळ गिअर सोबत मागून घ्यावेत. मोबाइल एकदा उघडला की त्याची किंमत पडते. माउंटचं बऱ्याचदा उलट असतं. उघडून, जुनं ग्रीस पुसून, नवीन भरलेलं आणि त्याचे फोटो ठेवलेलं दहा वर्षांचं माउंट हे पाच वर्षं खोक्यात पडून राहिलेल्या ‘अनयूज्ड’ माउंटपेक्षा बरं ठरू शकतं.

ध्रुवतारा इथे खाली असतो

हा मुद्दा परदेशी मार्गदर्शिकांमध्ये क्वचितच सापडतो, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर ध्रुवतारा ४०-५० अंशांवर असतो. आपल्याकडे ज्या गावाचं अक्षांश जेवढं, तेवढ्याच उंचीवर तो दिसतो. नागपुरात २१ अंश, मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा, पणजीत साडेपंधरा. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही तो झाकू शकते.

माउंटचा मुख्य अक्ष एवढा खाली झुकवला की दोन गोष्टी होतात. काही जुन्या माउंटचा उंचीचा बोल्ट त्या टोकाला नीट पोचत नाही, किंवा जोर लावून लावून तो वाकलेला असतो. आणि वजनांचा दांडा जवळजवळ उभा खाली येतो, त्यामुळे वजनं तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आदळू शकतात. मोटर चालू असताना हे झालं तर गिअरवर सगळा भार येतो. त्यामुळे माउंट तुमच्या गावाच्या अक्षांशावर लावून, वजनं चढवून, मुख्य अक्ष सावकाश सगळीकडे फिरवून बघणं ही इथली सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणायला हवी. अडत असेल तर तिपाई आणि माउंट यांच्यामध्ये बसवायचा उंचीचा खांब घ्यावा लागेल. तो खर्चही हिशोबात धरा.

अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून येणाऱ्या नातेवाइकाकरवी वापरलेलं माउंट मागवताना हे विशेष लक्षात ठेवावं. ईक्यू६-आर चं नुसतं डोकं १७.३ किलोचं आहे. २३ किलोच्या बॅगेत ते कसंबसं मावतं, पण साडेसात किलोची तिपाई आणि पाच-पाच किलोची दोन वजनं त्यात मावत नाहीत. वजनं मागवूच नयेत. लोखंड इथेही मिळतं, आणि दांड्याचं माप दिलं तर लेथवाला भोक पाडून देतो. कस्टमच्या मर्यादेबाहेरच्या किमतीवर शुल्क भरावं लागतं, म्हणून मूळ बिल किंवा विक्रीची पावती बॅगेतच हवी.

पोलर स्कोपही तपासा. अक्षाच्या आत बसवलेली ही छोटी दुर्बीण ध्रुवतारा नेमका धरायला लागते. आपल्या पावसाळ्यात तिच्या भिंगाला बुरशी सहज लागते. दिवसा दूरच्या एखाद्या मनोऱ्याचं टोक (सूर्याच्या दिशेचं नव्हे) मधल्या फुलीवर आणा आणि मुख्य अक्ष फिरवा. टोक फुलीवरच राहिलं तर उत्तम. गोल फिरायला लागलं तर फुली सरकलेली आहे. तीन छोट्या स्क्रूंनी ती जागेवर आणता येते.

पावसाळ्यात तारे कुठून आणायचे?

जून ते सप्टेंबर महाराष्ट्र-गोव्यात माउंटची खरी परीक्षा घेताच येत नाही. नेमक्या याच काळात खोलीत पडलेल्या सामानाकडे बघून ते विकायचा विचार अनेकांच्या मनात येतो. अशा वेळी घरातल्या घरात एक साधी चाचणी होते. ट्रॅकिंग चालू करून तासभर ठेवा. अक्षावरच्या अंशांच्या चकतीवर तेवढ्या वेळात १५ अंश सरकायला हवेत. यातून मोटर आणि बोर्ड चालतात एवढंच कळतं, बारीक डुलणं कळत नाही. म्हणून पावसाळ्यातला व्यवहार दोन टप्प्यांत करणं शहाणपणाचं. बहुतेक रक्कम आता, आणि उरलेली रक्कम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या स्वच्छ रात्रीनंतर. विकणाऱ्यालाही हे जड जाऊ नये, त्याच्या माउंटवर त्याचा विश्वास असेल तर.

कोकण किनाऱ्यावर वापरलेलं माउंट असेल तर बोल्टांचे आटे, बेअरिंगच्या कडा आणि सॉकेटच्या पिना नीट बघाव्यात. खाऱ्या हवेचा गंज आधी तिथे दिसतो.

आकाश स्वच्छ असेल तेव्हा दुसरा कुठलाच पुरावा लागत नाही. ऑटोगाइडिंग करणारे बरेचजण पीएचडी-२ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ते प्रत्येक रात्रीची नोंद फाइलमध्ये ठेवतं. विकणाऱ्याकडे अशा नोंदी असतील तर आलेख मागा, आणि एका छान रात्रीचा नको, लागोपाठच्या चार-पाच रात्रींचा मागा. सोबत कोणती दुर्बीण होती, वजन किती होतं, हेही विचारा. २०२२ मध्ये झेडडब्ल्यूओचं एएम-५ आलं आणि त्यानंतर स्ट्रेन वेव्ह प्रकारची हलकी माउंट लोकप्रिय झाली. एएम-५ चं वजन फक्त पाच किलो. त्यांना सहसा काउंटरवेट लागत नाहीत, गिअरची फट जवळपास नसते, पण पिरिऑडिक एरर बराच असतो आणि गाइडिंगशिवाय लांब फोकल लांबीवर ती चालत नाहीत. असं माउंट वापरलेलं घेताना गाइडिंगचा आलेख नसेल, तर तो सौदा डोळे मिटून केल्यासारखा आहे. या नव्या माउंटमुळे जुनी, जड, धडधाकट माउंट विक्रीला निघतात. गच्चीवर कायमची मांडणी करणाऱ्याला ती उचलून फिरायची नसतात. त्याच्यासाठी ही संधीच.

‘खराब’ माउंट खरंच खराब असतं का?

स्वस्तात निघालेल्या काही माउंटची कहाणी मजेशीर असते. ‘गो-टू चालत नाही, चंद्र दाखव म्हटलं तर जमिनीकडे बघतं.’ स्काय-वॉचरच्या सिनस्कॅन रिमोटमध्ये तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी भरायची असते. आपण सवयीने ५ मार्च म्हणून ०५/०३ भरतो आणि माउंट ३ मे समजून आकाश शोधतं. टाइम झोन अधिक ५:३० भरायचा, डेलाइट सेव्हिंगला ‘नाही’ म्हणायचं, आणि रेखांश पूर्वेचं आहे हे सांगायचं. यातलं एक जरी चुकलं तरी यंत्र वेडं झाल्यासारखं वागतं.

म्हणून विकायला काढण्याआधी मालकाने एकदा जाणकाराला दाखवावं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते, मुंबईच्या खगोल मंडळाची वांगणीची आकाशदर्शनं अनेक पिढ्यांनी बघितली आहेत. अशा संस्थांच्या कार्यक्रमांना जाणाऱ्यांत माउंट हाताळलेलं कुणी ना कुणी भेटतंच. घेणाऱ्यालाही हे लागू आहे. जे माउंट घ्यायचं आहे, ते कुणाच्या तरी हाताखाली चालताना आधी एकदा बघितलं, तर पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

किंमत आणि जाहिरात

परदेशातल्या हौशी मंडळींमध्ये चांगल्या स्थितीतल्या माउंटला आजच्या नव्या किमतीच्या साधारण ६० ते ७० टक्के, असा ढोबळ संकेत आहे. इथे ‘आजची नवी किंमत’ हे शब्द महत्त्वाचे. मालकाने सात वर्षांपूर्वी किती मोजले किंवा त्यावर किती ड्यूटी भरली, याच्याशी घेणाऱ्याला देणंघेणं नाही. आज तेच किंवा त्याच्या जागी आलेलं मॉडेल भारतात हातात पडेपर्यंत किती पडतं, तिथून खाली मोजायला सुरुवात करावी. वॉरंटी सहसा पहिल्या ग्राहकापुरती असते, तीही वजा करा. वजनं, रिमोट, केबल, नळी बसवायची पट्टी यांतलं काय सोबत आहे आणि काय नाही, याने किमतीत बराच फरक पडतो. पट्टी अरुंद व्हिक्सन प्रकारची की रुंद लोसमँडी, हेही विचारा. एचईक्यू-५ वर मुळात फक्त व्हिक्सन बसते.

जाहिरात लिहिताना विकणारे दोष लपवतात, कारण किंमत पडेल ही भीती असते. प्रत्यक्षात लपवलेला दोष पहिल्याच रात्री उघडा पडतो आणि मग फोनवर फोन सुरू होतात. शिवाय कायद्याचाही एक मुद्दा आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार साधारणपणे माल बघून घेण्याची जबाबदारी ग्राहकावर असते. पण कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. म्हणजे ‘ट्रॅकिंग व्यवस्थित चालतं’ असं लिहिलं की ते वाक्य विकणाऱ्याला बांधून ठेवतं. त्यापेक्षा ‘मुख्य अक्षात थोडी फट आहे, व्हिडिओ सोबत’ असं लिहिलेली जाहिरात दोघांनाही सोयीची. फोटोंमध्ये सीरियल नंबर, बोल्टांची टोकं, सॉकेट, पोलर स्कोपचं भिंग आणि नळी चढवून चालतानाचा एक सलग व्हिडिओ असला की अर्धी चौकशी तिथेच संपते.

पैशांची देवाणघेवाण

महागडी वस्तू, अनोळखी माणसं आणि लांबची शहरं, म्हणजे भामट्यांसाठी चांगली जागा. नेहमीची युक्ती अशी: ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, लगेच पैसे पाठवतो’ असं सांगून विकणाऱ्याला क्यूआर कोड पाठवायचा आणि स्कॅन करून पिन टाकायला लावायचं. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. घेणाऱ्याने टोकन रक्कम पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर माउंट चालू करून बघावं आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवायला सांगावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

माउंट कुरियरने पाठवायचं असेल तर डोकं, तिपाई आणि वजनं तीन वेगळ्या खोक्यांत भरावीत. एकाच खोक्यात सुटं राहिलेलं पाच किलोचं वजन वाटेत हातोड्याचं काम करतं. क्लच सैल ठेवावेत, म्हणजे धक्का बसला तर अक्ष फिरतो आणि दाते वाचतात. बोर्डाची सॉकेट टेपने झाकावीत, लिथियम बॅटरी खोक्यात घालू नये. बंद करण्याआधी आतली मांडणी आणि सीरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ विकणाऱ्याने काढावा, उघडताना तसाच घेणाऱ्याने. खोक्याची एखादी बाजू चेपलेली दिसली तर कुरियरवाला दारात असतानाच पावतीवर तशी नोंद करून घ्यावी आणि मगच सही करावी.